आत की बाहेर

"वीतभर बाहेर पडला होता तो चेंडू, डेलनी! वीतभर!" गाडीचं दार आपटत बाबा ओरडला. "मला कुंपणापलीकडून दिसला आणि तुला पायाशी पडलेला दिसला नाही?"

मी मोजे काढत होते. अंगठ्याचं नख परत काळंनिळं झालं होतं.

"ज्युनियर टेनिसच्या मॅचला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. लहानपणापासून घोकून घेतलंय तुझ्याकडून! नुसतं बोट वर करून 'आउट' म्हणाली असतीस, तर मॅच वाचली असती. टेक्सासहून कॉलेजचा कोच खास तुला बघायला फ्लोरिडात आला होता. त्याच्यासमोर 'आत' म्हणून मॅच देऊन टाकलीस त्या पोरीला! डोळे फुटले होते का तुझे?"

"नाही. बाहेर पडलेला स्पष्ट दिसला मला."

किल्ली लावता लावता बाबाचा हात थांबला. "मग?"

"शाळा तू सोडायला लावलीस. मी उजव्या हाताने जेवते, तरी रॅकेट डाव्या हातात तू दिलीस, का तर डावखुरे जास्त जिंकतात. आता कॉलेजही तूच ठरवलंस." माझा आवाज चढला. "आत की बाहेर, तेवढं एकच मी ठरवते, बाबा. आणि तेव्हा नियमानेच तुला तोंड उघडायची परवानगी नसते."