कानसेन

"टकटक येतेय ना, बाबा?" मुलाने विचारलं.

म्हाताऱ्याने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, लाकडी मूठ कानावर दाबली आणि डोळे मिटले. वकीलसाहेबांची ती गोल दिव्यांची जुनी गाडी पोट भरलेल्या मांजरीसारखी गुरगुरत होती.

गाडीच्या पोटात काय दुखतंय, हे न उघडता सांगणारा म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणायचे. "माझा कान चुकेल त्या दिवशी गॅरेजच्या किल्ल्या तुझ्या," असं त्यानेच मुलाला चारचौघांत सांगून ठेवलं होतं. तेव्हा मुलगाही हसला होता.

म्हाताऱ्याने टोक सरकवत सरकवत सगळं इंजिन धुंडाळलं.

"आवाज नाही," तो म्हणाला. "एकदम ठणठणीत आहे."

मुलाने वकीलसाहेबांकडे बघितलं. "अहो बाबा, अख्ख्या गल्लीला ऐकू येतंय."

"मी तर हल्ली काचा वर करून चालवतो," वकीलसाहेब म्हणाले. "डोकं उठतं नुसतं."

म्हातारा पुन्हा वाकला. मूठ इतकी दाबली की कानाची पाळी लालभडक झाली. काही नाही. नेहमीची गुरगुर, बाकी काही म्हणजे काही नाही.

डबा घेऊन आलेली बायको दाराजवळ स्टुलावर बसली होती. उभ्या संसारात ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं, तुम्ही घोरता आणि तुमचं गाणं मला ऐकवत नाही.

"अगं, तुला येतोय का आवाज?"

तिने मुलाकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण नीट लागलंय का, ते चाचपत बसली.

"येतोय हो. मघापासून येतोय."

म्हाताऱ्याने मान हलवली. तिसऱ्यांदा मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"हो," तो शेवटी म्हणाला. "येतोय. बारीक आहे अगदी. टॅपेटचा."

मुलाने आत हात घालून गाडी बंद केली.

"बाबा, काल मीच हिचं इंजिन जुळवलंय. आवाज नव्हताच. आम्ही ठरवूनच बोललो. आता लोक सांगतील ते ऐकू येतं तुम्हाला."

"साक्षीदार फुटला," असं म्हणून वकीलसाहेब खो खो हसले.

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं.

"दमता हो तुम्ही," ती डब्याकडे बघत म्हणाली. "बसा की आता घरी."

त्याने खिशातून किल्ल्या काढून मडगार्डवर ठेवल्या. मुलाने त्या लगेच उचलल्या. मग म्हाताऱ्याने स्क्रू ड्रायव्हर पुसला, त्याचं टोक हळूच इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"बाबा, बंद आहे ती."

"माहितेय मला." त्याने डोळे मिटले. "जरा गप्प बसा सगळे. अजून येतोय."