दुसरी बाजू हजर नाही

दाराची घंटा वाजली तेव्हा वकीलसाहेब स्वयंपाकघरात एका पायावर उभे होते. दुसरा पाय प्लास्टरमध्ये होता. कप ओट्यावर ठेवून ते कुबड्या सावरत निघाले. पडल्यापासून आज पहिल्यांदा कुणीतरी घंटा वाजवत होतं, म्हणून त्यांना घाई झाली आणि घाईत स्टुलाला धडकही बसली. बहीण असेल का, असं एकदा मनात येऊन गेलं. बहीण कशाला येतेय!

त्यांनी दाराच्या भिंगाला डोळा लावला आणि कडीवर गेलेला हात खाली आला. बाहेर बुटका उभा होता. हातात डबा होता.

बुटका म्हणजे खुर्च्यांच्या कारखान्यातला एक भागीदार. दुसरा लंबू. ही नावं साहेबांनी मनातल्या मनात ठेवलेली. तोंडाने ते दोघांनाही अहो-जाहोच करत. एका पत्र्याच्या शेडमध्ये दोघांनी मिळून पहिली खुर्ची ठोकली होती, आणि आता त्यांच्यात विस्तव जात नव्हता. कोर्टात वर्षं घालवण्यापेक्षा दोघांच्या संमतीने एक लवाद नेमला, तो देईल तो निकाल मान्य करायचा असं ठरलं, आणि वकीलसाहेब त्या खुर्चीवर बसले. खुर्चीवर म्हणजे आधी ती उलटी करून बघितली. खाली त्याच कारखान्याचा शिक्का निघाला, तेव्हा बदलून घेतली आणि मगच बसले.

आपसात मिटतंय का, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दोघं एका दमात "नाही" म्हणाले. पुढे त्यांचं एकमत म्हणून कशावर झालं नाही. एकाच टेबलाशी बसून ते आपापल्या वकिलांमार्फत बोलत. खोलीतला पंखा जरा कमी करायचा, तरी "त्यांना सांगा" असा निरोप टेबलाला वळसा घालून जाई. आता सुनावण्या संपल्या होत्या आणि निकाल लिहायचा राहिला होता. कारखाना कुणाचा, हे या पाय मोडलेल्या माणसाने ठरवायचं होतं.

कोण आहे, असं साहेबांनी उगाचच विचारलं.

"मी, साहेब. पडलात असं कळलं. केसचं काही बोलणार नाही. डबा देतो आणि जातो."

"दुसरी बाजू हजर नाही," साहेब दाराआडून म्हणाले. "तुम्हाला एकट्याला मला भेटता येणार नाही."

आवळा देऊन कोहळा काढणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते. पण हा त्यातला नसावा, असंही त्यांना वाटलं, आणि तेच वाईट होतं. त्यांचा जिवलग मित्रसुद्धा लवाद होता. एकदा एका पक्षकाराच्या घरी जेवला. जेवताना केसचा शब्दही निघाला नव्हता. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण शेजारच्या पानावर तेच बसले होते. पण बोभाटा झाला, निकाल रद्द झाला आणि मित्राने घराबाहेर पडणं सोडलं. न्यायाधीशाच्या डोक्यावर वरचं कोर्ट असतं, समोर चारचौघं बसलेले असतात. लवादाचं काम बंद खोलीत चालतं. जाब विचारणारं तिथे कुणी नाही, तेव्हा आपला पहारा आपणच करायचा, एवढं ते त्या दिवशी शिकले.

आणि असा पहारा केला म्हणता! लोकांकडचा चहा सुटला, क्लब सुटला. भाचीच्या लग्नाला गेले नाहीत, कारण नवऱ्यामुलाच्या मामाची केस त्यांच्यापुढे होती. बहिणीने त्यानंतर बोलणं टाकलं ते टाकलंच. बायको होती तोवर घरात बोलायला माणूस होतं. ती गेल्यावर साहेब भिंतींशी बोलू लागले. भिंतींची कुठली केस नसते.

बुटका अजून गेला नव्हता. दाराच्या फटीतून गरम जेवणाचा वास आत येत होता, आणि साहेब सकाळपासून बिस्किटांवर होते. त्यांनी कडी काढली. मग पुन्हा लावली. बाहेर तो आवाज गेलाच असणार.

"बरं साहेब," बुटका म्हणाला. त्याची पावलं जिना उतरत गेली.

साहेब दाराजवळच्या स्टुलावर बसले. नियम पाळला याचा त्यांना कवडीचाही आनंद झाला नाही. रडू मात्र आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. उद्या आपण या घरात मरून पडलो, तरी पंचनाम्याला दोन्ही बाजू हजर लागतील, असं ते स्वतःशीच म्हणाले. हसायला कुणी नव्हतं.

उन्हं उतरली तरी ते तिथेच होते. ओट्यावरचा चहा केव्हाच गार झाला होता. जिन्यावर पुन्हा पावलं वाजली आणि घंटाही वाजली.

साहेबांनी भिंगाला डोळा लावला. बाहेर बुटकाच होता. पण त्याच्यामागे, कठड्याला टेकून, भिंतीकडे तोंड करून लंबू उभा होता. त्याला जिने चढून धाप लागली होती. डबा आता त्याच्या हातात होता. बुटक्याने त्याला कोपराने ढोसलं.

"तू बोल. माझं ऐकत नाहीत ते."

लंबूने त्याच्याकडे पाहिलं. मग दाराकडे वळला, सुनावणीला उभं राहावं तसा ताठ झाला आणि घसा खाकरला.

"साहेब, दुसरी बाजू हजर आहे."