सात नंबरची वाट

"जागा मात्र तीच हवी," टेलर तिसऱ्यांदा म्हणाला. "पोरगा पडला तीच."

"तीच दाखवतो, बाबा," ड्रायव्हर म्हणाला. "शाळेची बस हाकतो मी. रोज चाळीस पोरं चाळीस दारांत उतरवतो. तुला एका वळणावर उतरवता येणार नाही होय?"

मागच्या सीटवर पाववाला हसला. तिघंही एका गल्लीत वाढलेले, एकाच बाकावर बसून नापास झालेले. दरवर्षी डोंगरातली सायकल शर्यत बघायला जायचं, हे त्या दोघांचं वेड. टेलर कधीच आला नव्हता. त्याचा पोरगा मोठ्या संघातून शर्यतीत उतरायला लागला तेव्हाही नाही. दुकानात रेडिओ लावायचा आणि मशीन चालवत ऐकायचा.

गेल्या वर्षी त्याच रेडिओने सांगितलं, की उतारावर सात नंबरचा खांदा लागला आणि मागची, त्याच्या पोराची सायकल दरीत गेली. चौकशी झाली. शर्यतीत असं व्हायचंच, असं ठरलं. सात नंबर यंदा पुन्हा उतरला होता.

"मलापण न्या," असं टेलर आपण होऊन म्हणाला, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चल की."

घाटाच्या तोंडाशी रस्त्यात लाकडी अडसर लावले होते. ड्रायव्हरने उतरून एक बाजूला सरकवला, गाडी आत घेतली आणि तो पुन्हा होता तसा लावला.

"आज रस्ता बंद," तो म्हणाला. "आपल्याला कोण अडवतंय?"

मांडीवरची पिशवी टेलरने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"ती मागे दे ना," पाववाला म्हणाला. "पाय तरी मोकळे होतील."

"राहू दे."

"बरं, पाव खा. कालचा आहे. आज भट्टी पेटवलीच नाही."

पाव पुढे करणाऱ्या हाताच्या नखांत पांढरं साचलं होतं. जन्मभर पिठात राबलेले हात, सुट्टीच्या दिवशी तरी कसे स्वच्छ होणार, असं टेलरच्या मनात येऊन गेलं. पाव त्याने तसाच धरून ठेवला.

पुढे डांबरावर पांढऱ्या रंगात नावं दिसू लागली. शर्यतीआधी चाहते आपापल्या खेळाडूची नावं रस्त्यावर रंगवतात, हे त्याने रेडिओवर ऐकलं होतं. एका ठिकाणी हातभर उंचीचा सातचा आकडा होता. त्याच्या पुढे, त्याहून मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, त्याच्या पोराचं नाव.

ड्रायव्हरने गाडी सावकाश केली. टेलर मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिला.

"अक्षर काही बरं नाही काढलंय," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"घाईत काढलं असेल," पाववाला म्हणाला.

वळण आलं. एका अंगाला उभा खडक, दुसऱ्या अंगाला दरी आणि काठावर लोखंडी खांब. चिटपाखरू नव्हतं.

"माणसं कुठायत?"

"वर, खिंडीत. चढ बघण्यात मजा. उताराला डोळा लवेपर्यंत सायकल गेलेली असते, कोण उभं राहणार?"

ड्रायव्हरने गाडीचा रेडिओ मोठा केला. मग दोघांनी गवतावर अंग टाकलं आणि तोंडावर टोप्या ओढल्या.

"जरा पुढे उभा राहतो," टेलर म्हणाला.

"राहा. आम्ही इथंच आहोत."

वळणाआड गेल्यावर त्याने पिशवीतून रीळ काढलं. ताडपत्री शिवायचा मेणाचा दोरा. बैलाने ओढला तरी तुटायचा नाही. एक टोक त्याने खांबाला बांधलं, दोरा रस्त्यावर पसरला आणि दुसरं टोक घेऊन खडकामागे बसला. काळ्या डांबरावर काळा दोरा दिसत नव्हता. उंची त्याने आधीच काढली होती. पोराची सायकल अजून घरात भिंतीला टेकून होती. तिच्यावर वाकून बसलेल्या माणसाचा गळा कुठे येतो, हे त्याने टेपने मोजलं होतं. अख्ख्या गल्लीचे गळे त्याने त्याच टेपने मोजले होते, तेही इतक्याच काळजीने.

माणसाच्या मनात एकदा विष कालवलं गेलं, की त्याला ते पाण्यासारखंच लागतं. टेलरने सवयीने देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"सात नंबर एकटाच पुढे," रेडिओ सांगत होता. "खिंड ओलांडली. उताराला लागला. मागे दोन मिनिटांत कुणी नाही."

टेलरने दोऱ्याचे तळहाताला तीन वेढे दिले.

"काय वेग आहे! आता ते अवघड वळण. गेल्या वर्षी याच वळणावर आपण एका तरुण..."

निवेदक थांबला. टेलरने डोळे मिटले आणि सगळा जोर लावून दोरा वर ओढला.

हिसका बसला नाही. किंकाळी नाही, पत्र्याचा आवाज नाही. त्याने डोळे उघडले. रस्ता मोकळा होता. गळ्याच्या उंचीवर ताणलेला दोरा वाऱ्याने हळूहळू गुणगुणत होता.

"सुखरूप पार," रेडिओ म्हणाला. "सात नंबर सुखरूप पार झाला."

टेलर दोरा तसाच ताणून उभा राहिला. बोटांवरून रक्ताचा ओघळ मनगटाकडे येत होता.

मागून दोघांची पावलं आली. पाववाल्याने त्याची मूठ हातात घेतली आणि पांढरा रंग भरलेल्या नखांनी तो एकेक वेढा सोडवायला लागला.

"सोड रे आता," ड्रायव्हर म्हणाला. "शर्यत पलीकडच्या डोंगरावर आहे. पुढे दरड कोसळल्यापासून या घाटात तीन वर्षं एक सायकल आलेली नाही."