एवढंच मान्य

नवऱ्याकडून आलेली कैफियत सबनीस वकील जांभई दाबत वाचत होते. बायकोच्या घटस्फोटाच्या अर्जातला एकूण एक मुद्दा ‘खोटा व अमान्य’. हेच वाचण्यात त्यांची हयात गेली होती. समोर विभावरी पर्सच्या चेनशी चाळा करत बसली होती.

एका ओळीवर ते थांबले. “सासूबाईंचं आजारपण तुम्ही एकटीनं काढलंत, हे मात्र त्यांनी मान्य केलंय.”

“चुकून राहिलं असेल.”

“कुठला वकील असं राहू देतो? त्यांनीच हट्टानं लिहायला लावलंय.”

ती त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. आता ही अर्ज मागे घेणार, असं सबनीसांना वाटून गेलं.

“एवढं ऐकायला मला कोर्टात यावं लागलं,” ती म्हणाली. “पुढची तारीख कधीची आहे?”