दारातले निळे सँडल

गावात नव्याने बदलून आलेल्या नर्स नलिनीताईंनी सुमतीकाकूंच्या दारातल्या प्रत्येक चपलेत एकेक पट्टी घासली. चपलेला चिकटलेल्या त्वचेच्या पेशींतले जनुकीय बदल ती पट्टी वाचायची आणि कर्करोगाची खूण सापडली की जांभळी व्हायची.

काकूंच्या चपलेची पट्टी पांढरीच राहिली. कोपऱ्यातल्या निळ्या सँडलची मात्र जांभळी झाली. नलिनीताईंनी ती हातातल्या यंत्रात सरकवली, पडद्यावरचा अहवाल वाचला आणि हुश्श केलं.

“काकू, घाबरू नका. अगदी सुरुवात आहे. एवढासा तुकडा काढला की पूर्ण बरं होईल. कुणाचे हे सँडल?”

“माझ्या केतकीचे.”

“तळपायावर तीळ असेल बघा तिच्या. आजच पाठवा तिला दवाखान्यात.”

काकू पायरीवर बसल्या.

“होता तीळ. बारावीत होती, हेच सँडल घालायची तेव्हा. ‘आई, डॉक्टरांना दाखवू या का?’ म्हणाली, तर मीच हसले. म्हटलं, तळपायाला तीळ म्हणजे परदेशी जाशील गं! आल्यागेल्याला कौतुकानं तिचा पाय दाखवायचे मी.” त्यांनी सँडल उचलून मांडीवर घेतले. “त्या तिळानंच नेलं तिला. येत्या चैत्रात चार वर्षं होतील.”

नलिनीताईंनी हलकेच यंत्र बंद करायला हात पुढे केला.

“थांबा ना ताई,” काकू म्हणाल्या. “मघाचं ते पुन्हा एकदा वाचा. ‘अगदी सुरुवात आहे’ म्हणालात ना, ते.”