रुमाल चालणार नाही

वडिलांची जुनी स्कूटर विकण्यावरून दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. स्वतःच्या वाढदिवसाची भेट म्हणून आईने हट्ट धरला आणि दोघांना एस्केप रूममध्ये नेलं. कोडी सोडवल्याशिवाय तिथून बाहेर पडता येत नव्हतं. कुलपं भराभर उघडली, पण दोघं आईमार्फतच बोलत होते. शेवटच्या कोड्यात समोरासमोरच्या भिंतींवर पितळी पट्ट्या होत्या. तिघांनी हातांची साखळी करून त्या जोडल्या तरच दिवा लागणार होता. आई मुद्दाम साखळीच्या टोकाला उभी राहिली, म्हणजे भावांना एकमेकांचा हात धरावाच लागेल. धाकट्याने भावापुढे रुमालाचं टोक धरलं. “रुमाल चालणार नाही,” स्पीकरमधून खेळ चालवणाऱ्याचा आवाज आला. आईला हसू आवरेना. थोरल्याने सरळ धाकट्याचा हात पकडला. दिवा लागला, दार उघडलं. “तुझ्या हाताला अजून घाम येतो,” थोरला म्हणाला. “मग शाळेत सोडताना धरायचास कशाला?” आईने दार आतून लोटून घेतलं. “वेळ शिल्लक आहे. बोला.”