ओला रंग

रंगाऱ्याला द्यायला पैसे नव्हते, म्हणून संजीवनीनं जुनी जीप दारातच घासली आणि ट्रॅक्टरचा निळा रंग रोलरनं मारायला घेतला. सोमवारपासून ती भाटघरहून भोरला प्रवासी नेणार होती. "बाईनं कुठं जीप चालवायची आस्ती व्हय?" म्हणून सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला होता. शेजारच्या खळ्यात भाताची रास घालून ते चार दिवस वाऱ्याची वाट बघत होते. शेवटचा दरवाजा रंगवून झाला आणि नेमकं धरणावरनं वारं सुटलं. भात उफणलं की सगळी फोलपटं ओल्या रंगावर! सासरे भरलेलं सूप घेऊन तिपाईवर चढले. तिनं रोलर डब्यात ठेवला. भाताच्या आड कसं यायचं? सूप डोक्यापर्यंत गेलं, थबकलं, खाली आलं. "वाळू दे," राशीवर ताडपत्री ओढत ते म्हणाले, "वारं काय, परत सुटंल. सोमवारी पुढची सीट कुणाला देऊ नगंस."